रात्री सायकलने घरी येताना

लोणावळ्याहून औंढ्याला परतताना एका पावसाळी रात्री सायकलची साखळी उतरली. मी थांबलो. चाक थांबताच डायनामोचा दिवाही विझला. अंगात काळा रेनकोट, भोवती धुके. मागून आलेला टेम्पो हातभर अंतरावरून गेला. चालकाचा दोष नव्हता. मी त्याला दिसलोच नव्हतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाचे वाहन सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे येते. म्हणून आपल्याला रस्ता दिसणे पुरेसे नाही, आपणही दिसलो पाहिजे. पुढे पांढरा दिवा, मागे बॅटरीचा लाल दिवा व रिफ्लेक्टर असावा. पायडलचे रिफ्लेक्टर वरखाली हलत असल्याने चटकन नजरेत भरतात. कपडे फिकट रंगाचे घालावेत. ओल्या टायरवर डायनामो घसरतो, हे ध्यानात ठेवावे.

समोरच्या दिव्याने डोळे दिपल्यास वेग कमी करून नजर डाव्या कडेला ठेवावी. अंधारात नेहमीच चाचपडावे लागत असेल, तर डोळे तपासून घ्यावेत. 'अ' जीवनसत्त्वाच्या अभावाने रातांधळेपणा येतो. शेवग्याचा पाला, पालेभाज्या, पपई आहारात असू द्या.

आणि साखळी उतरलीच, तर आधी रस्त्याच्या खाली उतरा. साखळी मग बसवा.