रिचर्ड ॲलन यांचा चोख हिशेब

वाचक हो, हा पाठ अमेरिकेतल्या एका माणसाचा आहे. तो गुलाम म्हणून जन्मला आणि पाळक झाला. ख्रिस्ती लोक आपल्या धर्मगुरूला पाळक म्हणतात. या पाळकाने साथीच्या रोगात माणसे जगवली. लोकांनी आळ घेतला, तेव्हा हातात लेखणी घेऊन त्याला उत्तर दिले. त्यांचे नाव रिचर्ड ॲलन.

विकलेली आई

रिचर्डचा जन्म १४ फेब्रुवारी १७६० रोजी झाला. त्या काळी अमेरिकेत आफ्रिकेतून धरून आणलेल्या काळ्या लोकांना गुलाम करीत. बैल-घोडे विकावेत तशी माणसे विकत. गुलामाचे मूलही गुलामच. मूल मोठे झाले की मालक त्याला हवे तेथे विकी. आईबापांनी कोणाकडे दाद मागायची?

रिचर्ड लहान असताना त्याचे सारे घर डेलावेअर भागातल्या एका शेतकऱ्याला विकले गेले. या शेतकऱ्याचे नाव स्टर्जिस. स्टर्जिस स्वभावाने बरा होता, पण कर्जात बुडाला होता. कर्ज फेडण्यासाठी त्याने रिचर्डची आई आणि तीन भावंडे विकून टाकली. मालक चांगला असला तरी गुलामी चांगली होत नाही, हे रिचर्डला तेथेच कळले.

घामाने घेतलेली मुक्ती

त्या दिवसांत मेथॉडिस्ट पंथाचे उपदेशक घोड्यावरून गावोगाव हिंडत. हा ख्रिस्ती धर्मातला एक पंथ. इंग्लंडात जॉन वेस्ली यांनी तो सुरू केला. साधी राहणी आणि गरिबांत काम ही त्याची रीत. वेस्लींनी १७७४ साली गुलामगिरीविरुद्ध पुस्तकही लिहिले होते. सतराव्या वर्षी रिचर्ड या पंथात गेला.

शेजारीपाजारी म्हणू लागले, "आता हे गुलाम भजनात रमणार आणि कामाला दांडी मारणार!" रिचर्ड आणि त्याच्या भावाने ठरवले, की काम आधीपेक्षा जास्त करायचे. मग धर्माला कोणी नावे ठेवणार नाही.

एकदा गॅरेटसन नावाचे उपदेशक स्टर्जिसच्या घरी आले. त्यांनी स्वतःचे गुलाम आधीच मुक्त केले होते. गुलाम ठेवणारा माणूस देवाच्या तराजूत हलका ठरतो, असे त्यांनी सांगितले. म्हाताऱ्या स्टर्जिसच्या मनाला ते लागले. पण कर्ज होतेच. तेव्हा तो म्हणाला, पैसे भरा आणि मोकळे व्हा. त्या वेळच्या कागदी चलनात दोन हजार डॉलर अशी किंमत ठरली. ही गोष्ट १७८० सालची.

रिचर्डने लाकडे फोडायचे काम धरले. पहिल्याच दिवशी हाताला असे फोड आले, की मूठ मिटेना. पण काम सोडले नाही. विटा पाडल्या. लढाईच्या दिवसांत गाडीतून मीठ वाहिले. १७८३ पर्यंत सारी रक्कम फेडली. वयाच्या तेविसाव्या वर्षी रिचर्ड ॲलन स्वतंत्र झाले.

महिन्याचा एक शिलिंग

ॲलन गावोगाव उपदेश करीत फिरले. १७८६ साली ते फिलाडेल्फिया शहरात आले. तेथे सेंट जॉर्ज नावाचे मेथॉडिस्ट चर्च होते. पहाटे पाचला प्रवचन करायला त्यांना परवानगी मिळाली. लवकरच त्यांच्याभोवती ४२ काळ्या माणसांची मंडळी जमली. पोटासाठी ते जोडे शिवीत, आणि लोकांच्या घरांची धुराडी साफ करण्याचा धंदाही करीत.

पण नुसत्या उपदेशाने पोट भरत नाही, हे त्यांना ठाऊक होते. ॲब्सलम जोन्स नावाच्या सोबत्याबरोबर त्यांनी १७८७ साली एक मंडळ काढले. त्याचे नाव मुक्त आफ्रिकी मंडळ. आपल्याकडच्या बचत गटाशी ते थोडेफार जुळते. प्रत्येकाने महिन्याला एक शिलिंग भरायचा. एक वर्ष झाले, की अडलेल्या सभासदाला आठवड्याला ३ शिलिंग ९ पेन्स मदत. सभासद वारला तर त्याच्या विधवेला आधार, मुलांना शिक्षण. दारुड्याला मात्र प्रवेश नाही!

सेंट जॉर्ज चर्चमध्ये गर्दी वाढली, तशी गोऱ्यांची कुरकुर सुरू झाली. चर्चमध्ये नवा माळा बांधायचा होता. त्यासाठी काळ्या लोकांनीही पैसे दिले, अंगमेहनत केली. आणि शेवटी त्यांनाच सांगण्यात आले, की तुम्ही माळ्यावर बसा. एका रविवारी प्रार्थना चालू होती. जोन्स गुडघे टेकून बसले होते. एका गोऱ्या कारभाऱ्याने त्यांना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, असे जोन्स यांनी विनवले. कोण ऐकतो? प्रार्थना संपली. सारे काळे लोक एकदम उठले आणि बाहेर पडले. शिवी नाही, मारामारी नाही. पण त्या चर्चमध्ये ते पुन्हा गेले नाहीत.

पिवळ्या तापाची साथ

१७९३ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली. तेव्हा हे शहर अमेरिकेची राजधानी होते. वस्ती सुमारे पन्नास हजार. हजारो लोक शहर सोडून पळाले. नवरा बायकोला सोडून गेला, मुले आईबापांना सोडून गेली. मढी घरात पडून राहिली.

हा ताप डासांमुळे पसरतो. पण ही गोष्ट १९०० साली सिद्ध झाली. तेव्हा कोणालाच कारण ठाऊक नव्हते. बेंजामिन रश नावाच्या मोठ्या डॉक्टरांना वाटले, की काळ्या लोकांना हा ताप होत नाही. त्यांनी काळ्या लोकांकडे मदत मागितली.

ज्यांनी प्रार्थनेतून उठवले, त्यांच्याच घरी जाऊन सेवा करायची? ॲलन आणि जोन्स यांनी विचार केला. हे आपले कर्तव्य आहे, असे ठरवून ते निघाले. पहिल्याच घरात एक माणूस शेवटच्या घटका मोजत होता. बायको शेजारी मरून पडलेली. जवळ फक्त दोन लहान मुले. त्या एका दिवसात त्यांनी वीसहून जास्त घरे पाहिली.

मग रोजचे काम सुरू झाले. आजाऱ्याला पाणी पाजायचे. औषध द्यायचे. मेलेल्याला पेटीत ठेवून पुरायचे. सारा बास नावाच्या गरीब विधवेने कित्येक घरांत सेवा केली, पण पैसा घेतला नाही. एका म्हातारीला बऱ्या झालेल्या रोग्याने विचारले, तुला काय देऊ? हिवाळ्यात एखाद्या थंडीच्या दिवशी जेवू घाला, एवढेच तिने मागितले.

काळ्या लोकांना ताप होत नाही, ही समजूत खोटी ठरली. ॲलन स्वतः तापाने आजारी पडले. नशिबाने वाचले. १७९२ साली शहरात ६७ काळी माणसे पुरली होती. १७९३ साली हा आकडा ३०५ झाला. थंडी पडल्यावर साथ ओसरली. तोवर शहरातले सुमारे पाच हजार लोक मेले होते.

आळ आणि उत्तर

साथ संपली. मॅथ्यू कॅरे नावाच्या प्रकाशकाने साथीवर पुस्तक काढले. साथीच्या दिवसांत काही काळ ते शहराबाहेर होते. त्यांनी लिहिले, की हलक्या काळ्या लोकांनी सेवेसाठी अवाच्या सव्वा पैसे उकळले, चोऱ्याही केल्या. ॲलन आणि जोन्स यांची मात्र त्यांनी नावे घेऊन स्तुती केली.

दुसरा कोणी असता तर आपल्या स्तुतीवर खूश झाला असता. पण ज्या बायामाणसांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्यावर चोरीचा आळ राहावा, हे या दोघांना पटले नाही. त्यांनी १७९४ साली स्वतःचे छोटे पुस्तक छापले. कोणी, कोठे, कशी सेवा केली ते लिहिले. मजुरी का वाढली तेही सांगितले. घाबरलेले लोकच एकमेकांवर चढ करून जास्त पैसे देत होते. आणि त्यांनी हिशेब मांडला. एक पौंड म्हणजे २० शिलिंग, आणि एक शिलिंग म्हणजे १२ पेन्स. हिशेब असा :

प्रेते पुरणे आणि रोग्यांची अंथरुणे जाळणे यासाठी मिळाले : २३३ पौंड, १० शिलिंग, ४ पेन्स.
शवपेट्यांचा खर्च : ३३ पौंड.
पाच गड्यांची मजुरी : ३७८ पौंड.
एकूण खर्च : ४११ पौंड.
पदरमोड : १७७ पौंड, ९ शिलिंग, ८ पेन्स.

गडी किती दिवस राबले, रोज काय होता, तेही लिहिले. उकळण्याचे दूरच, उलट पदरचे गेले! शहराचे नगराध्यक्ष क्लार्कसन यांनीही त्यांच्या कामाबद्दल लेखी पसंती दिली. कॅरे यांचे पुस्तक पुढेही खपत राहिले. पण आता काळ्या लोकांची बाजूही छापून ठेवलेली होती. दोनशे वर्षे उलटून गेली, तरी ती आज वाचता येते.

न समजलेला कागद

त्याच १७९४ साली ॲलन यांनी बेथेल चर्च उघडले. एका जुन्या लोहारशाळेची लाकडी इमारत त्यांनी आपल्या घोड्यांनी ओढून आपल्या जागेवर आणली होती. तेच झाले चर्च. पुढे तेथे शिक्षणाचे वर्गही चालले.

१७९६ साली चर्चची कायदेशीर नोंद करायची होती. वकिलाचा खर्च वाचेल, म्हणून एका गोऱ्या पाळकाने मसुदा लिहून दिला. बेथेलच्या लोकांनी विश्वासाने तो मान्य केला. दहाएक वर्षांनी दुसरे गोरे पाळक आले आणि चर्चच्या किल्ल्या आणि वह्या मागू लागले. त्यांनी सांगितले, की ही मालमत्ता तुमची नाहीच. कागदात तसेच लिहिले होते!

मंडळी हादरली. पण आता त्यांनी स्वतः वकील गाठला. वकिलाने वाट दाखवली : दोन तृतीयांश सभासदांची संमती घ्या आणि नोंद बदला. १८०७ साली तसा पुरवणी कागद केला. तंटा कोर्टात गेला. १८१६ साली निकाल बेथेलच्या बाजूने लागला. त्याच वर्षी काळ्या लोकांचे स्वतंत्र आफ्रिकी मेथॉडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन झाले. ॲलन त्याचे बिशप, म्हणजे मुख्य पाळक झाले.

पळून आलेल्या गुलामांना ॲलन आणि त्यांची पत्नी सारा यांनी आसरा दिला. १८३० साली काळ्या लोकांची देशव्यापी परिषद बेथेलमध्ये भरली. ॲलन अध्यक्ष होते. २६ मार्च १८३१ रोजी ते वारले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८६५ साली. ती बंद करण्यासाठी झटलेल्या अमेरिकनांना आपल्या जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले. ॲलन यांनी घेतलेल्या त्याच जागेवर आजही बेथेल चर्च उभे आहे.

मंडळी, या माणसाने आयुष्यभर हातांनी कष्ट केले. पण नुसत्या कष्टांनी आळ धुऊन निघाला नसता, चर्चही हातचे गेले असते. केलेले काम त्यांनी लिहून ठेवले, आणि एकदा फसल्यावर प्रत्येक कागद समजून घेतला. आपणही आता वाचायला शिकलो आहोत. अंगठा किंवा सही करण्याआधी कागद वाचावा. समजला नाही तर जाणत्याला विचारावा. चार माणसांच्या पैशाचा हिशेब तर रोजच्या रोज लिहावा.

शब्दांचे अर्थ

आळ : खोटा आरोप.
पदरमोड : स्वतःच्या खिशातून केलेला खर्च.
मसुदा : कागदाचा कच्चा लेख.
शवपेटी : प्रेत ठेवून पुरण्याची पेटी.

विचार करा आणि लिहा

१. स्वतःची स्तुती झाली असूनही ॲलन आणि जोन्स यांनी पुस्तक का छापले?
२. तीन गडी प्रत्येकी ७० दिवस आणि दोन गडी प्रत्येकी ६३ दिवस राबले. रोज २२ शिलिंग ६ पेन्स. मजुरी ३७८ पौंड बरोबर येते का? करून पाहा.
३. बेथेलच्या लोकांची कोणती चूक झाली? ती त्यांनी कशी सुधारली?
४. तुमच्या गावातल्या एखाद्या मंडळाचा किंवा गटाचा महिन्याचा जमाखर्च लिहून काढा.