पेटी भरणे हीही एक कारागिरी

हंगाम सुरू झाला की रत्नागिरीच्या बागांत आंब्याच्या पेट्यांची लगबग दिसू लागते. हापूस पिकवणाऱ्याचे कौतुक सगळीकडे होते, पेटी भरणाऱ्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वास्तविक बागायतदाराची वर्षभराची मेहनत शेवटी त्याच्याच हाती असते. भरलेल्या पेटीवरून हात फिरवून "आता एक फळ हलणार नाही" असे तो म्हणतो, तेव्हा त्याचा अभिमान रास्तच असतो. या धंद्यात येऊ इच्छिणाऱ्या तरुणांनी हे काम नीट समजून घ्यावे.

पहिले काम निवडीचे. आंबा दोन-तीन सेंटीमीटर देठ राखून काढलेला असावा. देठ मुळातून तुटला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा 'नूतन झेला' याच कामी येतो. नंतर फळे वजनाप्रमाणे वेगळी करावीत. डागी, दबलेले फळ बाजूला काढावे.

आता हिशोब पाहू. पाच डझनांच्या पेटीत ६० फळे, म्हणजे २० फळांचे तीन थर. फळ सरासरी २५० ग्रॅमचे धरले तर १५ किलो माल झाला. एका थरात २५० ग्रॅमच्या फळांमध्ये ३०० ग्रॅमचे एकच फळ आले, तर ते वर येते आणि वरच्या थराचा भार एकट्याने झेलते. पेटीतील पहिला डाग तेथेच पडतो.

मांडणीतही मेख आहे. सारखी वर्तुळे समोरासमोर मांडली तर सुमारे ७८ टक्के जागा भरते; एका ओळीच्या खाचेत दुसरी ओळ बसवली तर सुमारे ९० टक्के. आंबा काही अगदी गोल नसतो, पण कसबी हात हेच तत्त्व वापरतो. एकाचा देठ शेजारच्या फळाला टोचणार नाही, हे मात्र पाहावे.

थरांमध्ये भाताचा कोरडा पेंढा घालतात. तो ओला असल्यास बुरशी धरते. पेटीतही फळाचा श्वास चालू असतो आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून लाकडी पेटीच्या फटी वा पुठ्ठ्याच्या खोक्याची भोके बुजवू नयेत.

भरल्यावर पेटी हलकेच हलवून पाहावी. आतून आवाज आला तर भरणी सैल आहे. वाशीच्या बाजारापर्यंतच्या तीनशेहून अधिक किलोमीटरांत फळे एकमेकांवर आपटणार. झाकण दाबून खिळे मारावे लागत असतील तर भरणी घट्ट झाली. एखादे फळ कमी करून वरचा थर पुन्हा लावावा. कमी जागेत जास्त माल बसवणे आणि माल कोंबणे यांतला फरक या परीक्षेत कळतो.

शेवटची गोष्ट सचोटीची. वर मोठी फळे आणि तळाशी बारीक, अशी भरणी एकदा खपते. पुढच्या खेपेस व्यापारी तळाचा थर उपसून पाहतो, आणि त्या मार्क्याचा भाव कायमचा उतरतो. कोकणातील हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाची किंमत टिकवायची तर कोणीही कोणताही थर उघडावा आणि त्याला सारखाच माल दिसावा. पेटी भरणाऱ्याने अभिमान बाळगावा तो याचा.