मामाचा माईक आणि आबाजींची मारबत

मोबाईलवर व्हिडिओ तर आपण सगळेच काढतो. पण त्यावर वेगळा माईक कसा बसवायचा ते मी या पोळ्याला नागपूरला शिकले. त्याचीच माहिती इथे लिहिते आहे.

आधी कारण सांगते. आमच्या आबाजींना काचबिंदूमुळे दिसत नाही. तरुणपणी ते दरवर्षी नागपूरला मारबत पाहायला जात. मारबत म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, निघणारी मोठी मिरवणूक. काळी मारबत १८८१ सालापासून आणि पिवळी १८८५ सालापासून निघते. सोबत बडगे असतात आणि लोक रोगराई घेऊन जा म्हणून ओरडतात. २०२४ मध्ये माझ्या मामाने मिरवणुकीचा व्हिडिओ पाठवला. आम्हाला सर्वांना फार आवडला. आबाजींनी फोन कानाला लावला, थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, "हा तर टिनावर पाऊस पडून राहिला." खरेच, डोळे मिटून ऐकले तर घूंऽऽ आणि खरखर, बाकी काही नाही.

म्हणून २०२५ ला गावचा पोळा फुटला तशी त्याच संध्याकाळी मी आईबरोबर एसटीने नागपूरला गेले. मामा गांधीबागेत राहतो. तिथे कापडाचा ठोक बाजार आहे. मामा दुकानात थान उचलायचे काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी लहानसहान लग्नांचे व्हिडिओ काढतो. त्याचे सगळे सामान एका कापडी पिशवीत मावते. दोन मिनिटांत जोडून उभे राहते, कारण गर्दी आपल्यासाठी थांबत नाही.

रात्री गच्चीवर त्याने ते मांडून दाखवले. एक लोखंडी चौकट, तिच्यात मोबाईल बसतो. बाजूला एक मूठ. खाली पाव इंची स्क्रूचे भोक, म्हणजे तिपाईवरही चढते. आणि वरच्या पट्टीला एक खाच. मामा म्हणाला, "माईक शूमध्ये सरकव." मी खाली पायाकडे पाहिले. मामा खूप हसला. त्या खाचेलाच शू म्हणतात. पूर्वीपासून कॅमेऱ्यावर फ्लॅश त्याच खाचेत बसवतात.

मी माईक सरकवला, चाकी आवळली आणि मला वाटले झाले. मामा म्हणाला, "आता मूठ धरून चाल अन् ऐक." ऐकले तर गेल्या वर्षीचीच खरखर! माझी बोटे मुठीवर घासत होती, तो आवाज लोखंडातून थेट माईकमध्ये जात होता. मित्रांनो, हे तुम्ही इथेच करून पाहा. बाकावर कान टेकवा आणि दुसऱ्याला दुसऱ्या टोकाला नखाने हळूच खाजवायला सांगा. केवढा आवाज येतो! घन वस्तूतून आवाज असा जातो. म्हणून माईक लोखंडाला चिकटू द्यायचा नाही, रबरावर झुलता ठेवायचा. मामाकडे रबराची बैठक होती, पण तिचे एक रबर तुटलेले. आईने केसांचे रबर काढून दिले, ते बरोबर बसले. वायरही लोंबू द्यायची नाही. ती हलली की तिचाही आवाज येतो. तिला एक सैल वळसा देऊन दोऱ्याने चौकटीला बांधायचे.

वायरच्या टोकाची एक गोष्ट महत्त्वाची आहे. पिनेवरचे काळे कडे मोजायचे. दोन कडे असले तर ती कॅमेऱ्याची वायर, तीन असले तर मोबाईलची. दोनवाली मोबाईलला लावली तर फोन बहुधा स्वतःच्याच माईकने आवाज घेत राहतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. नव्या पुष्कळ फोनला गोल भोकच नसते, त्यांना वेगळा जोड घ्यावा लागतो. मामाचा फोन जुना आहे.

राहिला वारा. मामाने टेबलफॅन लावला आणि घूंऽऽ सुरू झाले. त्यावर माईकला आधी स्पंज आणि वरून केसाळ टोपी घालतात. वारा केसांत अडकतो, आवाज आत जातो. इंग्रजी लोक या टोपीला मेलेली मांजर म्हणतात! मामाची विकतची टोपी हरवली होती. त्याने लहान मुलांच्या कानटोपीला लावतात त्या केसाळ कापडाची चिंधी शिवली होती. गांधीबागेत चिंध्यांना काय तोटा. पण पहिल्यांदा माईक पुढे जास्त सरकला आणि चित्रात वरून मांजरीची शेपटी लोंबायला लागली. मग मागे घेतला.

शेवटी दहा सेकंद व्हिडिओ काढून लगेच ऐकायचा. ही पायरी मामा कधी सोडत नाही. माईक लावल्यावर त्या भोकात कानात घालायचे काही लावता येत नाही, म्हणून काढून मगच ऐकावे लागते.

आमच्या गुरुजींनी परत आल्यावर सांगितले की दादासाहेब फाळके यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' मुका होता. १९३१ साली 'आलम आरा' हा भारतातला पहिला बोलपट आला. स्टुडिओजवळून रेल्वे जायची म्हणून त्याचे काम रात्री करत आणि माईक नटांच्या जवळपास लपवून ठेवत. मला हे ऐकून बरे वाटले. खरखरीचा त्रास मामालाच नाही, त्यांनाही होता.

२३ ऑगस्टला सकाळी आम्ही रस्त्याच्या कडेला एका बंद दुकानाच्या ओट्यावर उभे राहिलो. मी काय दिसते ते बोलणार होते, कारण नुसते ढोल ऐकून आबाजींना काय कळणार? ढोल आले. आम्ही दहा सेकंद काढून ऐकले. ढोलाचा आवाज फाटून गेला होता आणि मी कुठेच नव्हते. रडूच आले मला. मामाच्या माईकला समोरचे जास्त ऐकू येते, मागचे कमी. तोंड ढोलाकडे, मी मागे. शिवाय माझे तोंड माईकपासून लांब. अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत आवाजाचा जोर निम्मा नाही, पाव होतो.

मामा म्हणाला, "हे कोणासाठी काढून राहिलो आपण? आबाजीसाठी ना? मग माईकले तिकडे कायले पाहू देतं?" त्याने चाकी सैल केली, माईक शूमध्ये उलटा सरकवला आणि त्याचे तोंड माझ्याकडे केले. मला हाताभर अंतरावर उभे केले. बाजूचा एक माणूस म्हणाला, "भाऊ, तुमचा माईक उलटा लागला." मामा म्हणाला, "बरोबर लागला."

आता माझा आवाज स्वच्छ आला. ढोल माईकच्या पाठीमागे गेले म्हणून फाटले नाहीत, आणि इतके मोठे की ऐकू तर येतच होते.

गावी आल्यावर आबाजींनी व्हिडिओ तीनदा ऐकला. फोन छातीवर ठेवून, डोळे मिटून. तिसऱ्यांदा एका जागी म्हणाले, "थांब. इथं तू काऊन बोलली नाही?"

तिथे पिवळी मारबत अगदी जवळ आली होती. मी नुसती पाहत राहिले, बोलायचे विसरले.

"मग आता सांग," आबाजी म्हणाले. मी व्हिडिओ तिथेच थांबवला आणि सांगायला बसले.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी