पदवीची वाट कारखान्यातून

इंदूरजवळ, धार जिल्ह्यात, पीथमपूरची औद्योगिक वसाहत आहे. मोटारी, औषधे व यंत्रांचे सुटे भाग तेथे तयार होतात. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला अशा वसाहतीचा परिचय बहुधा पदवी पदरात पडल्यावर, नोकरीचा अर्ज घेऊन जाताना होत असे. आता पदवीचे शिक्षण चालू असतानाच शिकाऊ उमेदवार म्हणून काम करणे नियमाने शक्य झाले आहे.

शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा. प्रारंभी तो ठरावीक कारागिरी व्यवसायांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक, तर २०१४ च्या दुरुस्तीने अन्य शाखांचे पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. तथापि पदवीधरांची ही उमेदवारी पदवीनंतरची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत करून ती अभ्यासक्रमातच गुंफली व एकूण श्रेयांकांपैकी किमान २० टक्के कामावरील प्रशिक्षणासाठी राखण्याची अट घातली. पदवीधर उमेदवारांपुरते पाहता इंदूर मुंबईच्याच छायेत येते. पश्चिम विभागाच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचे कार्यालय मुंबईत असून मध्य प्रदेश त्याच्या क्षेत्रात आहे. पुण्याच्या सिंबायोसिसनेही २०१६ मध्ये इंदूरला कौशल्यप्रधान विद्यापीठ स्थापन केले.

श्रेयांक मिळाले म्हणजे शिक्षण झाले, असे मात्र नव्हे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला भांडार विभागात नेमले, असे समजू. मालाची आवक नोंदणे, नोंदवही व प्रत्यक्ष साठा यांचा मेळ घालणे, तफावत कोठे पडली ते शोधणे, ही कामे त्याने केली तर वर्गात शिकलेले साठ्याचे मूल्यांकन त्याच्या अंगी मुरेल. सहा महिने नुसती खोकी उचलली, तर आस्थापनेला स्वस्त मजूर लाभला एवढेच! कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. त्याला मिळते ते विद्यावेतन, वेतन नव्हे. म्हणूनच त्याला शिकविले जाते किंवा नाही, हा प्रश्न गौण नाही.

पालकांनी व विद्यार्थ्यांनी करारावर सही करण्यापूर्वी तो नोंदविला जाणार आहे काय, कोणत्या विभागात किती काळ प्रशिक्षण मिळेल, देखरेख व मूल्यमापन कोण करील, हे लेखी विचारून घ्यावे. उमेदवारी संपल्यावर त्याच आस्थापनेने नोकरी द्यावीच, असे सर्वसाधारण बंधन कायद्यात नाही, हेही आधीच ध्यानात घ्यावे.