जमिनीचा जमाखर्च

सकाळी घरोघरी चहाचे आधण ठेवले जाते. चहाची पत्ती आसामातून किंवा निलगिरीच्या मळ्यांतून आलेली असते. साखरेसाठी कुठेतरी उसाचे रान उभे असते, दुधासाठी म्हशीला वैरण लागते आणि भांड्याखालचा गॅसही दूरवरून आलेला असतो. चहा पिणारे कुटुंब शहरातील दोन खोल्यांत राहत असेल; पण त्याला पोसणारी जमीन अनेक गावांत, कधी परदेशांतही विखुरलेली असते. ही सारी जमीन एकत्र मोजली, तर ती किती भरेल?

कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम रीस व त्यांचे विद्यार्थी मॅथिस वॅकरनॅगेल यांनी १९९० च्या दशकाच्या प्रारंभी या मोजणीची रीत घालून दिली. माणसाच्या उपभोगासाठी गुंतलेल्या जमिनीला आणि पाण्याला त्यांनी 'पर्यावरणीय पाऊलखूण' म्हटले. तीत पिकांची जमीन, कुरणे, जंगले, मासेमारीची क्षेत्रे आणि घरे-रस्त्यांखालील जागा येते. शिवाय कोळसा व तेल जाळल्याने हवेत जाणारा कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी जेवढे वन लागेल, तेवढे क्षेत्रही तीत धरले जाते. जगाच्या एकूण पाऊलखुणेत निम्म्याहून अधिक वाटा या एकाच बाबीचा आहे.

ही झाली खर्चाची बाजू. जमेच्या बाजूला असते 'जैवक्षमता', म्हणजे जमीन व पाणी वर्षभरात जेवढे नव्याने देऊ शकतात आणि जेवढा कार्बन पचवू शकतात तेवढे. बागायती रान आणि खडकाळ माळ यांना एकाच मापाने मोजता येत नाही. म्हणून जगातील सरासरी उत्पादकतेचा 'जागतिक हेक्टर' हे माप दोन्ही बाजूंसाठी वापरतात.

पृथ्वीची जैवक्षमता दरडोई सुमारे दीड जागतिक हेक्टर आहे. पाऊलखूण मात्र अडीचच्या पुढे गेली आहे. १९७० च्या दशकाच्या प्रारंभापासून खर्च जमेहून अधिक होत आला आहे. ग्लोबल फुटप्रिंट नेटवर्क या संस्थेच्या गणनेनुसार २०२५ सालची वर्षभराची जमा २४ जुलैलाच संपली. त्यानंतरचे महिने कसे निघतात? सावकारी व्यवहार पाहिलेल्याला हे सहज समजेल. व्याज पुरेनासे झाले की माणूस मुद्दलाला हात घालतो. झाडे वाढतात त्याहून वेगाने तुटतात, मासे पैदा होतात त्याहून अधिक पकडले जातात आणि न शोषलेला कार्बन हवेत साचत राहतो.

भारताची दरडोई पाऊलखूण एक जागतिक हेक्टराहून थोडीच अधिक आहे, तर अमेरिकेची सातांहून अधिक. तरीही भारताचा हिशेब तुटीचा आहे. कारण मोठ्या लोकसंख्येत वाटली गेलेली आपली जैवक्षमता दरडोई अर्ध्या हेक्टराहूनही कमी पडते. अर्थात, दरडोई आकडा ही सरासरी आहे. वातानुकूलित बंगल्यात राहणारा आणि त्याच बंगल्याच्या बांधकामावर विटा वाहणारा, दोघांच्या नावे तो सारखाच मांडला जातो. तूट कोणामुळे वाढली, हे त्यावरून कळत नाही.

या मोजणीत आणखी एक उणीव आहे, आणि ती अधिक गंभीर मानावी लागेल. येथे पीक अधिक आले की जैवक्षमता अधिक धरली जाते. ते पीक कशाच्या बळावर आले, हे विचारले जात नाही. पंजाबात भात व गव्हाचे हेक्टरी उत्पन्न देशात अग्रेसर आहे, त्यामुळे हिशेबात तेथील जमीन भक्कम दिसते. परंतु त्यातील बराचसा भात कूपनलिकांच्या पाण्यावर पिकतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत या राज्यातील बहुतेक तालुकावजा गटांत, पावसाने मुरते त्यापेक्षा अधिक पाणी उपसले जात असल्याचे आढळले आहे. पाणी खाली गेले की शेतकरी बोअर अधिक खोल नेतो आणि जास्त अश्वशक्तीचा पंप बसवतो. भूजलाच्या या घटीसाठी पाऊलखुणेच्या हिशेबात रकानाच नाही.