आतुर काया, अनातुर चित्त

संयुत्त निकायात नकुलपिता या वृद्ध उपासकाचे सुत्त आहे. भग्ग देशातील भेसकळावनात तो तथागतांना म्हणाला, मी जराजर्जर झालो, वारंवार आजारी पडतो; मला उपदेश करावा. भगवंतांनी त्याला बरे होण्याचे आश्वासन दिले नाही. देह रोगी असला तरी चित्त रोगी होऊ नये, असा अभ्यास करण्यास सांगितले. त्याचा अर्थ सारिपुत्तांनी उलगडला : रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान यांना ‘मी’, ‘माझे’ म्हणून धरले, की त्यांतील प्रत्येक बदल दुःख होऊन बसतो.

आपल्या मधुमेही, संधिवाती ज्येष्ठांचेही असेच. गिरणीत तीस वर्षे राबलेला माणूस जिन्यात थांबतो, तेव्हा गुडघ्यापेक्षा ‘मी असा नव्हतो’ हेच अधिक दुखते. म्हणून गोळ्या सोडून ध्यानाला बसावे, असे मात्र कोणी समजू नये. भिक्खूच्या चार प्रत्ययांत औषधही आहे.

घरच्या मंडळींनी नकुलमाता आठवावी. अंगुत्तर निकायात आहे की, पती गंभीर आजारी असता, मी सूत कातीन, लोकर विंचरीन, मुले पोशीन, घर सांभाळीन, असे सांगून तिने त्याची एकेक चिंता काढली. तो त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकत तथागतांच्या दर्शनाला गेला.