ग्रेट बेसिनमध्ये उन्हाळा संपताना वणवे का भडकतात?



पर्जन्यछाया, आर्द्रता, आघाडी, तापमानाची विपरीतता हे शब्द आपल्या भूगोलाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या पानांवर येतात. मुलं व्याख्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. हे सगळे शब्द एकाच ठिकाणी कामाला लागलेले दाखवायचे असतील, तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं ग्रेट बेसिन हे फार चांगलं उदाहरण आहे. आणि विषय वणव्याचा असला की मुलं कान देऊन ऐकतात.

पाठ सुरू करण्याआधी वर्गाला एकच प्रश्न विचारा : डोंगरात वणव्याचा धोका कधी सर्वांत जास्त असेल? दोन उत्तरं हमखास येतात. "सगळ्यात कडक ऊन असेल तेव्हा" आणि "पाऊस कमी झाला असेल त्या वर्षी". दोन्ही फळ्यावर लिहून ठेवा, पुसू नका. दोन्ही उत्तरं अर्धी बरोबर आहेत. उरलेलं अर्धं म्हणजेच आजचा पाठ.

१) जागा कशी आहे?

ग्रेट बेसिन म्हणजे मोठं खोरं. नेवाडा राज्याचा बहुतेक भाग, युटाचा पश्चिम अर्धा भाग आणि शेजारच्या कॅलिफोर्निया, ओरेगॉन, आयडाहो या राज्यांचे काही तुकडे यात येतात. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर. पश्चिमेला सिएरा नेवाडा पर्वत, पूर्वेला वासॅच पर्वत. इथे पडलेलं पाणी समुद्राला मिळत नाही. हम्बोल्ट नदी वाहत वाहत जाते आणि एका सखल भागात जिरून, आटून संपते. ग्रेट सॉल्ट लेक खारं झालं तेही यामुळेच. पाणी बाहेर जात नाही, त्याची वाफ होते आणि मीठ मागे उरतं.

खोरं म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर एक मोठी परात येते. तसं नाही हे सांगा. आत उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगरांच्या रांगा आहेत आणि प्रत्येक दोन रांगांमध्ये एक सपाट दरी. दऱ्यांचे तळसुद्धा बऱ्याच ठिकाणी १२०० ते १८०० मीटर उंचीवर. व्हीलर शिखर तर ३९८२ मीटर.

पाऊस कमी का, हे मात्र मुलं स्वतः सांगू शकतील. साताऱ्याचा नकाशा काढा. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि माण-खटावला दुष्काळ. तिथेही तसंच. पॅसिफिक महासागराकडून येणारे वारे सिएरा नेवाडावर पाणी टाकतात आणि पलीकडे कोरडे होऊन उतरतात. नेवाडात वर्षाला सरासरी २५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तोही बराचसा हिवाळ्यात, डोंगरावर बर्फाच्या रूपाने.

२) तिथला उन्हाळा कधी?

इथे थोडं थांबा, कारण मुलं गोंधळतात. आपला उन्हाळा मे अखेर संपतो आणि पाऊस येतो. तिथे जून, जुलै, ऑगस्ट हा उन्हाळा. त्याची अखेर म्हणजे ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर, आपल्याकडे गौरी-गणपतीचे दिवस. आपण छत्री घेऊन फिरत असतो तेव्हा तिथलं रान वाळून कडकडीत झालेलं असतं.

सर्वांत उष्ण महिना जुलै. मग उन्हाचा जोर कमी व्हायला लागल्यावरही, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये डोंगरावर मोठमोठ्या आगी का लागतात? फळ्यावरचं पहिलं उत्तर इथे डळमळायला लागतं.

३) गवत एका तासात, ओंडका दीड महिन्यात

कपडे वाळत घालण्याचं उदाहरण घ्या. रुमाल पटकन वाळतो, चादरीला वेळ लागतो आणि गोधडी दोन दिवस ओलीच राहते. ऊन तेच, वारा तोच, वाळण्याचा वेळ वेगळा.

अमेरिकेतले वणवातज्ज्ञ रानातल्या वाळलेल्या इंधनाचे असेच चार गट करतात :

- १ तासाचं इंधन : गवत, पानं, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास जाडीच्या काटक्या
- १० तासांचं : साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या फांद्या
- १०० तासांचं : साधारण साडेसात सेंटिमीटरपर्यंतची लाकडं
- १००० तासांचं : त्याहून जाड, २० सेंटिमीटरपर्यंतचे ओंडके

भोवतालची हवा बदलली की त्या हवेशी साधारण दोन तृतीयांश जुळवून घ्यायला त्या इंधनाला जेवढा वेळ लागतो, तेवढे हे तास. १००० तास म्हणजे किती दिवस, हे गणित मुलांकडून करून घ्या. सुमारे ४२ दिवस, म्हणजे सहा आठवडे.

आता मे-जूनमध्ये डोंगरावरचं बर्फ वितळलं, ओंडके ओले आहेत. जुलै गेला, ऑगस्टचा अर्धा गेला, तेव्हा कुठे ते ओंडके आतपर्यंत वाळले. खालच्या दऱ्यांतलं गवत जून-जुलैतच पेट घ्यायला तयार असतं. वरचं जंगल तयार होतं ते उन्हाळ्याच्या अखेरीस. म्हणजे आगीचा हंगाम जणू पायथ्यापासून वर चढत जातो. ऑगस्ट अखेर गवत, झुडूप, फांदी, ओंडका सगळं एकाच वेळी कोरडं असतं. एका दिवसाच्या तापमानावरून हे कळत नाही, त्यासाठी मागच्या कित्येक आठवड्यांचा हिशेब बघावा लागतो.

४) चांगला पाऊस झाला, म्हणून मोठी आग

आता फळ्यावरचं दुसरं उत्तर घ्या.

ग्रेट बेसिनचं ओळखीचं झुडूप म्हणजे सेजब्रश. राखाडी-हिरवं, उग्र वासाचं. जोतिबाला वाहतात तो आपला दवणा ज्या आर्टेमिसिया गटातला, त्याच गटातलं हे झुडूप. पूर्वी दोन झुडपांमध्ये बरीच मोकळी जमीन असायची. एक झुडूप पेटलं तरी आग शेजारच्यापर्यंत सहज पोचत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे युरोप-आशियातून चीटग्रास नावाचं गवत आलं. ते बहुधा शरद ऋतूत उगवतं, वसंतात भराभर वाढतं आणि उन्हाळा सुरू होता होताच वाळतं. झुडपांमधल्या मोकळ्या जागा या गवताने भरून काढल्या. आता आगीला एका झुडपावरून दुसऱ्यावर जायला वाळक्या गवताची वाट मिळाली.

पुढचं जास्त वाईट आहे. जळालेला सेजब्रश बुंध्यातून पुन्हा फुटत नाही. बियांपासून नवं रान उभं राहायला कित्येक दशकं लागतात. चीटग्रास मात्र पुढच्याच वर्षी हजर. पूर्वी जिथे अनेक दशकांतून एकदा आग लागायची, तिथे काही भागांत आता ५ वर्षांच्या आतही पुन्हा लागते.

म्हणून इथला हिशेब उलटा बसतो. हिवाळा-वसंतात पाऊस चांगला झाला की गवत जास्त, आणि ते वाळलं की इंधनही जास्त. २०१६-१७ च्या हिवाळ्यात उत्तर सिएरा नेवाडात विक्रमी पाऊस-बर्फ पडलं, त्या भागात गवतही भरपूर माजलं. जुलै २०१८ मध्ये उत्तर नेवाडात 'मार्टिन फायर' भडकली आणि सुमारे ४ लाख ३५ हजार एकर रान जळालं. म्हणजे सुमारे १७६० चौरस किलोमीटर, मुंबई शहर आणि उपनगर मिळून जेवढं क्षेत्र होतं त्याच्या जवळजवळ तिप्पट. ही आग माणसामुळे लागली होती. त्याआधी १९९९ मध्येही ग्रेट बेसिनमध्ये सुमारे १७ लाख एकर जळून गेलं होतं.

जळणारं रान निरुपयोगी असतं असंही नाही. सेज ग्राउस हा पक्षी या झुडपावरच जगतो. गुरं चारणाऱ्यांचं वर्षाचं कुरण, कुंपणं, जनावरं, सगळं एका दुपारी जाऊ शकतं.

५) वीज पडते, पाऊस पडत नाही

उन्हाळ्याच्या उत्तरार्धात दक्षिणेकडून दमट हवा वर सरकते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात यालाही मान्सूनच म्हणतात. ॲरिझोनात त्याने बऱ्यापैकी पाऊस होतो, पण ग्रेट बेसिनच्या उत्तर भागात पोचेपर्यंत ओलावा कमी झालेला असतो. ढग बनतो, पण त्याचा तळ जमिनीपासून फार उंच आणि खालची हवा कोरडी. पावसाचे थेंब खाली येता येता हवेतच विरून जातात. वीज मात्र जमिनीवर पोचते. ही कोरडी वीज.

आणखी एक गोष्ट होते. माठातलं पाणी बाष्पीभवनाने गार होतं, तशी थेंब विरताना हवा गार होते. गार हवा जड, ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे वाऱ्याचे झोत सुटतात. म्हणजे ठिणगी टाकणारा ढगच फुंकरही घालतो.

६) गार वारा आला, आणि धोका वाढला

सप्टेंबरकडे जाताना वायव्येकडून थंड हवेच्या आघाड्या खाली उतरू लागतात. बऱ्याचदा त्यांच्यात पाऊस नसतोच, नुसता वारा. पारा खाली येतो, माणसांना हायसं वाटतं. आग विझवणारे मात्र या दिवसाला सर्वांत जास्त घाबरतात. का, ते फळ्यावर काढून दाखवा.

आघाडी येण्याआधी वारा नैर्ऋत्येकडून वाहतो. आग ईशान्येकडे पळते. तिचा आकार काकडीसारखा लांबट होतो, समजा ४ किलोमीटर लांब आणि अर्धा किलोमीटर रुंद. म्हणजे आगीचं तोंड फक्त अर्ध्या किलोमीटरचं. आघाडी वरून गेली की वारा वळतो आणि वायव्येकडून येतो. आता काकडीची आग्नेयेकडची अख्खी लांब बाजूच आगीचं तोंड बनते. अर्ध्या किलोमीटरचं तोंड काही मिनिटांत ४ किलोमीटरचं झालं! त्या बाजूला "इथे आग शांत आहे" म्हणून माणसं काम करत असतील तर? म्हणूनच जळून काळी झालेली, पुन्हा पेटू न शकणारी जमीन जवळ ठेवून काम करायचं, हे तिथल्या जवानांच्या मनावर बिंबवलं जातं.

फळ्यावरचं पहिलं उत्तर आता मुलं स्वतःच दुरुस्त करतील.

७) दरीतली रात्र

रात्री जड थंड हवा दरीच्या तळाशी साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. हीच तापमानाची विपरीतता. धूर दरीत कोंडतो, सकाळी गावात डोळे चुरचुरतात. तळाशी गारवा असल्याने आग मंदावते, पण उताराच्या मधल्या पट्ट्यात हवा उबदार आणि कोरडीच राहते. तिथे आग रात्रभर धुमसत राहते. खाली उभं राहून "गार झालं, विझेल आता" असं म्हणणं धोक्याचं.

८) इशारा कसा देतात?

तिथली राष्ट्रीय हवामान सेवा दोन पायऱ्यांत इशारा देते. 'फायर वेदर वॉच' म्हणजे पुढच्या एक-दोन दिवसांत धोक्याची परिस्थिती येऊ शकते, लक्ष ठेवा. 'रेड फ्लॅग वॉर्निंग' म्हणजे ती आली आहे किंवा अगदी तोंडावर आहे. निकष भागागणिक बदलतात, पण मुख्य गोष्टी त्याच : इंधन किती वाळलंय, सापेक्ष आर्द्रता किती खाली गेलीय (बऱ्याच ठिकाणी १५ टक्क्यांच्या आसपास किंवा कमी), वारा किती आणि कोरडी वीज पडण्याची शक्यता किती. नुसत्या तापमानावर हा इशारा ठरत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या.

वर्गात काय कराल?

- काडी, बोटभर जाड फांदी आणि मनगटाएवढं लाकूड रात्रभर पाण्यात ठेवा. मग आठ दिवस रोज एकाच वेळी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. तक्ता भरा, आलेख काढा. आग लावून काहीही दाखवायचं नाही, हा नियम आधीच सांगा.
- दोन पट्ट्यांचं कॅलेंडर करा. एकावर ग्रेट बेसिन, दुसऱ्यावर आपलं गाव. पाऊस, गवत हिरवं, गवत वाळलं, वणवा, असे महिने रंगवा.
- प्रश्न द्या : "काल ३६ अंश, वारा नाही. आज २६ अंश, कोरडा सोसाट्याचा वारा. धोका कधी जास्त? कारण लिहा."

आपल्या डोंगराकडे बघताना

कॅलेंडर पूर्ण झालं की मुलांना दिसेल की महिने वेगळे असले तरी क्रम तोच आहे. आपल्याकडे गवत पावसाळ्यात माजतं, दिवाळीनंतर पिवळं पडतं आणि फेब्रुवारी ते मे डोंगर पेटतात. फरक एकच, पण मोठा. तिथे ठिणगी बऱ्याचदा आकाशातून पडते, आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसाच्या हातून लागतात. कुणी बांध जाळतं, कुणी विडी टाकतं, कुणी "जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं" म्हणून मुद्दाम काडी लावतं.

म्हणजे वीज आपल्या हातात नाही, पण काडी आहे. "यंदा पाऊस चांगला झाला, वणव्याची काळजी नाही" असं घरात कुणी म्हणालं, तर "उलट यंदा गवत जास्त आहे, जाळरेषा आधी काढायला हवी" असं उत्तर आपल्या सहावीतल्या पोरीला देता आलं पाहिजे. संध्याकाळी गार वारा सुटला म्हणून बांध पेटवायला निघालेल्या काकांना तिने थांबवलं पाहिजे. आणि डोंगरावर धूर दिसला तर स्वतः धावत न जाता मोठ्यांना सांगायचं, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं, हेही तिला माहीत हवं.

हा पाठ जानेवारीच्या आत घ्या. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं, तेव्हा उशीर झालेला असतो.